ऑइल वाढायलंय, आक्का!

"काल रात्री तुमची गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली म्हणं?"

आक्का भिंतीवरून असं विचारतात तेव्हा त्यांना सगळं आधीच कळलेलं असतं. फक्त माझ्या तोंडून ऐकायचं असतं. मी हातातली बादली खाली ठेवली. दोन वाक्यांत सुटका होणार नव्हती.

"काय सांगू आक्का. जोतिबाला निघालो होतो. वन्सं आणि पुण्याचे भावजी मागं, मी पुढं, मांडीवर नारळाची पिशवी. केर्ली मागं पडली, चढ लागला आणि गाडीनं दोन आचके दिले. तिसऱ्याला बसलीच."

"पद्मिनीच ना?"

"दुसरी कुठली आहे दारात? आणि भावजींचं माहीत आहे ना तुम्हाला. त्यांची नवी गाडी बॅटरीवरची. केर्लीपर्यंत सारखं चाललेलं, आमच्या गाडीला इंजिनच नाही, आमच्या गाडीला इंजिनच नाही. पण ही बसली तसे गप्प झाले. एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं ह्यांना."

आक्कांनी पदर खोचला आणि दोन्ही कोपरं भिंतीवर ठेवली. म्हणजे आता बैठक.

पुढचं मी सगळं सांगितलं. दहा मिनिटं थांबलं आणि चार-पाचदा स्टार्टर मारला की गाडी चालू व्हायची, फर्लांगभर जायची, परत आचके. ह्यांचं निदान तयारच होतं : व्हेपर लॉक. म्हणजे पंपातल्या नाहीतर नळीतल्या पेट्रोलची उष्णतेनं वाफ होते आणि पंपाला वाफ काही पुढं ढकलता येत नाही. जुन्या फियाटवाल्यांचा त्यावरचा उपाय ठरलेला, पंपावर ओला फडका. फडका म्हणून माझा रुमाल गेला. बाटलीतलं पाणी संपलं तसं भावजी म्हणाले, नारळ फोडा. वन्सं म्हणाल्या, देवाचा आहे तो. एवढ्यात बॅटरीच बसली. शेवटी कारखान्यावर ऊस उतरवून रिकामा परतणारा एक ट्रॅक्टर थांबला, त्यानं दोरी बांधली.

"पैसे घेतले काय?"

"नाही ओ. गाडीबरोबर फोटो काढून घेतला फक्त."

गाडीचं कौतुक बाहेरच्यांना असतंच. आमच्या मामंजींनी नंबर लावून, वाट बघून बघून घेतलेली ही १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीत तयार व्हायची. वालचंद म्हणजे आपल्या सोलापूरचे, हे सांगायला आमच्या ह्यांना कुणी विचारावं लागत नाही. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेल्याची बातमी आली, त्या रात्री हे जेवले नाहीत नीट. मी वांग्याची भाजी केली होती, ते कारण नसावं.

"मग आता काय म्हणतात मालक?"

"मालक काय म्हणणार? गल्लीच म्हणायली."

हे खरं होतं. बॉनेट उघडं दिसलं की आमच्या गल्लीत कुणाला घरी बसवत नाही. यात पहिला मान समोरच्या सरांचा. ते निवृत्त आहेत, त्यांच्याकडे सकाळ आहे आणि त्यांच्या मते जगातल्या सगळ्या गाड्यांचा सगळा दोष कार्बोरेटरमध्ये असतो. मला तर वाटतं, कार्बोरेटर बिचारा वरच बसलेला असतो, चार स्क्रू काढले की उघडतो, म्हणून त्याच्या नावानं बिलं फाटतात. खाली कोपऱ्यात, काळ्या ओघळात लपलेल्या वस्तूवर आळ घ्यायला कुणी वाकत नाही. मागच्या महिन्यातच गाडी जरा अडखळायला लागली, तेव्हा सरांनी कार्बोरेटर उतरवायला लावला. सुटे भाग क्रमानं राहावेत म्हणून माझं इडलीपात्र घेतलं. पहिल्या खळग्यात मेन जेट, दुसऱ्यात स्लो जेट, तिसऱ्यात फ्लोटची सुई. कल्पना चांगली होती, हे मी मान्य करते. त्या पात्रात आता इडली होत नाही, हे त्यांनी मान्य करावं. मग जेट साफ करायला सर माझ्या शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन आले.

"सुई घातली जेटात?" आक्का एकदम ताठ झाल्या. "फुंकर मारायची असते गं. फार तर पंपानं हवा."

"मी काय बोलू त्यात?"

दुसरा आला तो गल्लीच्या टोकाच्या गॅरेजमधला पोरगा. त्याच्या मते कॉइल. नवी कॉइल आली, नवे पॉइंट आले, कंडेन्सर आला, चार प्लग आले. पॉइंटमधली फट साधारण अर्धा मिलिमीटर, किंचित कमीच, लागते; ती मोजायला ह्यांच्याकडे फिलर गेज आहे, पण त्या पोरानं लग्नपत्रिकेचा तुकडा घालून बसवली. बिल वाचलं तेव्हा मला कळलं की आपण गाडीचं दुखणं शोधत नाही आहोत, दुकानातला माल एकेक करून गाडीत भरत आहोत. गाडी दोन दिवस बरी चालली. गावात ती तशीही बरीच चालते.

आक्का ऐकत होत्या. त्यांच्याबद्दल सांगायला हवं. त्यांच्या यजमानांचं उद्यमनगरात लेथ होतं. सिलिंडर बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड घासून देणं असली कामं. आक्का दुपारच्या तिथं पावत्या फाडायला बसत. शेजारी मेस्त्री आणि गिऱ्हाईक भांडत असत की हे इंजिन कशानं गेलं. अशी भांडणं वर्षानुवर्षं कानांवर पडली की माणूस काय होतो, ते आमच्या गल्लीत आक्कांकडे बघून कळतं. पण त्यांना कुणी विचारत नाही, आणि विचारल्याशिवाय पुरुषांच्या घोळक्यात जाऊन सांगायचं नाही हा त्यांचा नेम.

"मला सांग," त्या म्हणाल्या, "काल घाटात ठिणगी बघितली होती काय?"

"बघितली की. प्लग काढून, वायरीला लावून, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मला स्टार्टर मारायला लावला. अंधारात लख्ख दिसली. निळी होती."

"पिवळी न्हवं?"

"निळी. टकटक वाजत होती."

"मग कॉइलवाल्या पोराचं सोड. हवेची जाळी?"

"ती ह्यांनी दिवाळीत बदलली."

"ठिणगी आहे, हवा आहे. राहिलं पेट्रोल. आणि मला हे सांग, मार्गशीर्षात, रात्रीचं, स्वेटर घालून तुम्ही डोंगर चढायला निघालाय, आणि कसला गं व्हेपर लॉक?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ह्यांच्याही नाही. ओल्या रुमालानं माझी बोटं काल गारठली होती, तरी नाही.

"गावात चालते, चढाला बसते," आक्का बोटांवर मोजत म्हणाल्या. "सपाटीला इंजिनाला पेट्रोल लागतंय थोडं, तेवढं मिळतंय. चढाला मागणी वाढली की कार्बोरेटरचं भांडं रिकामं होतंय, मागनं भरत न्हाई. मग स्टार्टर मारून मारून थोडं चढतंय, की फर्लांगभर जातीय. पंप बघितला काय कुणी?"

"पंपावर फडका ठेवला."

"बघितला काय म्हणतोय मी."

नव्हता बघितला. मला जरा ह्यांची बाजू घ्यावीशी वाटली. म्हटलं, "पण आक्का, बाकी इंजिन एकदम ठणठणीत आहे हां. हे म्हणतात, चाळीस वर्षांच्या गाड्या ऑइल पितात, आपली थेंबभर पीत नाही. दिवाळीपासून घातलंच नाही. उलट परवा दांडी काढून बघितली तर वरच्या खुणेच्याही वर होतं. सरांना दाखवत होते कौतुकानं."

आक्का काही बोलल्या नाहीत. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ऑइल वाढलंय?"

"हो."

"अगं, ऑइल काय दूध आहे काय, तापलं की वर यायला? घातलं न्हाई तर वाढलं कुठनं? जा, ती दांडी घेऊन ये. पुसू नको."

बॉनेट उघडंच होतं. मी दांडी ओढली आणि तशीच भिंतीपाशी नेली. आक्कांनी आधी हुंगली, मग मला हुंगायला लावली. ऑइलचा वास नव्हताच, पेट्रोल पंपावर उभं राहिल्यासारखा भपका आला. मला एकदम आठवलं, दांडी पुसलेले ह्यांचे फडके धुताना महिनाभर मला हाच वास येत होता आणि मी साबण बदलला होता. आक्कांनी बोटावर थेंब घेऊन दुसऱ्या बोटानं चोळला. पाण्यासारखं पातळ.

"मालकांना उठव."

हे रात्रीच्या जागरणानं झोपले होते. बाहेर आले ते चिडूनच, पण दांडी हुंगल्यावर झोप उडाली. आक्का भिंतीपलीकडूनच बोलत होत्या, इकडे आल्या नाहीत.

मला जे समजलं ते असं. हा पंप विजेवर चालत नाही. तो इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी बसवलेला असतो. आत कॅमशाफ्ट फिरते, तिच्यावरचा उंचवटा पंपाची दांडी हलवतो, दांडी एक पडदा खाली ओढते आणि पडद्याच्या वर पेट्रोल खेचलं जातं. पडदा म्हणजे कापडावर चढवलेलं रबर, डायफ्रॅम. त्याच्या वरच्या अंगाला पेट्रोल, खालच्या अंगाला थेट इंजिनाचं पोट. पडदा चिरला की वरचं पेट्रोल खाली ऑइलमध्ये झिरपतं. कार्बोरेटर उपाशी आणि ऑइल गाभण.

"आणि असल्या पातळ ऑइलवर गाडी घाटात घातली तुम्ही," आक्का म्हणाल्या. "बेअरिंगांना काय मिळालं असेल? आमच्याकडं क्रँक यायचे असले, रेघा रेघा ओढलेले. आता ऑइल काढल्याशिवाय चालू करायची न्हाई. गॅरेजपर्यंतसुद्धा न्हाई."

"आधी खात्री करून घेऊ," हे म्हणाले. पुरुषाला खात्री करून घ्यावीच लागते. बॅटरी रात्रभर चार्जरला होती, ती बसवली. इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची मधली वायर काढली. कार्बोरेटरला येणारी नळी सोडून तिचं तोंड बाटलीत घातलं. मी स्टार्टरला बसणार, एवढ्यात भिंतीपलीकडून आक्का ओरडल्या, "आधी तुळशीपुढची उदबत्ती विझव! आणि गॅस बंद कर आत!" उदबत्ती मीच लावली होती सकाळी. विझवली. एरवी मी असं कधी केलं नसतं.

चांगला पंप असला की इंजिनाच्या प्रत्येक दोन फेऱ्यांना एक अशी पेट्रोलची जोरदार पिचकारी येते म्हणे. आमच्या बाटलीत थेंब आले. रडल्यासारखे.

मग पंप उतरवला. टाकीकडून येणाऱ्या नळीच्या तोंडात एक बोल्ट कोंबला, नाहीतर अंगणात पेट्रोल. ह्यांनी पंपाचे स्क्रू सोडायला घेतले तसं आक्का परत : "दोन्ही भागांवर कानशीनं एक रेघ मारून घ्या. परत बसवताना फिरलं की नळ्यांची तोंडं भलतीकडं जातील." ह्यांनी मुकाट्यानं रेघ मारली. मागच्या महिन्यात हेच मी सुचवलं असतं तर मला इडलीपात्र परत मिळालं असतं, एवढंच.

पडदा बाहेर आला तो फुगलेला, कडेला चिकट, आणि मधल्या दांडीपाशी नखभर चिरलेला. मुख्य म्हणजे नुसता पंपच नव्हे. रबरी नळी ह्यांनी वाकवली तर आतून काळा भुगा गळला. त्या नळ्या काही मामंजींच्या काळातल्या नाहीत, दोनच वर्षांपूर्वी बदललेल्या.

"दोन वर्षांत रबर असं होतंय?" मी विचारलं.

"पेट्रोल बदललंय," हे म्हणाले. आणि इथं आमच्या ह्यांना माहीत असलेली गोष्ट निघाली, त्यामुळे ते जरा सावरले. २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल होतं, २०२५ पर्यंत ते वीस टक्क्यांवर आलं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. पूर्वीचं साधं रबर त्याला टिकत नाही. काही फुगतं, काही कडक होऊन तडकतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिली की तळाशी पाणी आणि गंज, आणि टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं बसलेला राप सुटून फिल्टरमध्ये. आणि लिटरमागची ताकदही इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, म्हणून अॅव्हरेजही जरा उतरतं. नव्या गाड्यांच्या नळ्या आणि पंप हे सगळं धरूनच बनवतात. १९८५ साली कुर्ल्यात हा विचार कोण करणार?

"इथेनॉल म्हणजे आमच्या उसाचंच न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"उसाचं. मळीचं, रसाचं. आता मक्याचं, तांदळाचंही असतं."

"मक्याचं राहू दे. आमच्या पुतण्याचा ऊस परवाच गेलाय कारखान्याला. म्हणजे आमच्या उसानं तुमचा पंप खाल्ला, आणि उसाच्याच ट्रॅक्टरनं तुम्हाला घरी सोडलं." त्या एवढ्या हसल्या की भिंतीवरची कुंडी हलली. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "खाऊ दे. बिलं वेळेवर निघू देत त्या इथेनॉलच्या जिवावर. तुम्ही नळ्या बदला." आमच्या जिल्ह्यात पेट्रोलला नावं ठेवताना शेजारी कुणाचा ऊस आहे ते बघून ठेवावी लागतात.

पंपाचं किट काही इथं लगेच मिळालं नाही. एका दुकानदारानं पद्मिनी हे नाव ऐकून आधी चहा मागवला, मग नाही म्हणून सांगितलं. मुंबईत टॅक्स्या होत्या तोवर पार्टांची ददात नव्हती. आता जे आहे ते कुणाच्या तरी माळ्यावरचं. ह्यांच्या एका मित्रानं तिकडून पाठवलं. त्यातही आक्कांनी बजावून ठेवलं होतं की जुनाच न वापरलेला पडदा येईल, त्याचं रबर तेव्हाचंच, तो घेऊ नका, इथेनॉल सोसणारा नवा घ्या. आणि पंप व ब्लॉक यांच्यामधली जाड गॅस्केट फेकू नका. तिच्या जाडीवर पंपाची दांडी किती हलणार ते ठरतं, शिवाय इंजिनाची धग पंपाला कमी लागते.

ऑइल काढलं ते काळं पाणीच होतं. ते गटारात ओतू दिलं नाही मी. डबा अजून जिन्याखाली आहे, गॅरेजवाला नेतो म्हणाला आहे. नवं ऑइल, नवा फिल्टर, नव्या नळ्या, नव्या क्लिपा. हेड अॅल्युमिनियमचं म्हणून प्लग हातानं फिरवून बसवले, शेवटी थोडेच पान्यानं आवळले. पंप बसला. स्टार्टर मारला तर पहिल्यांदा काही नाही, कारण भांडं रिकामं होतं. मग लागली. हे कान देऊन खालचा आवाज ऐकत राहिले, बेअरिंग ठोकतंय का म्हणून. आक्काही पलीकडे ऐकत होत्या. ठोकत नव्हतं. निदान अजून तरी.

रविवारी परत जोतिबाला गेलो. आक्कांना पुढं बसवलं. त्यांनी पूर्ण चढभर एक हात दारावर ठेवला आणि एक कान इंजिनाकडे, देवाचं नाव मध्येमध्ये. कुठं आचका नाही. वन्संना फोन करून सांगितलं, तर भावजी म्हणाले, आता ती विकायची वेळ चांगली आहे.

तर हे सगळं संपलं असं मला वाटलं होतं. काल सकाळी भिंतीपाशी आक्कांना म्हटलं, "गाडी ओढते छान, पण मागनं धूर काळसर येतोय. आणि ह्यांनी प्लग काढून बघितले तर काजळी."

"चारी?"

"चारी."

"बिस्किटाच्या रंगाचा पाहिजे प्लग. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय." आक्का थांबल्या. "पंप मेलेला होता तोवर कळत नव्हतं. आता पंप भरपूर देतोय. जेटचं भोक मोठं झालंय गं. तुझी ती सुई."

"सरांची सुई," मी म्हटलं.

"तुझ्या डब्यातली."

"मग आता नवा जेट आणायचा?"

"आणायचाच. पण समोरच्या सरांना सांगणार कोण? परवा देवळात सांगत होते, पद्मिनीचा जेट मी साफ केला म्हणून चालली."

"तुम्ही सांगा."

"मी? मी न्हाई बाई. मला कुणी विचारलंय काय?"

"ह्यांना सांगते सांगायला."

"ते सांगणार न्हाईत. परवाच सरांच्या स्कूटरचा कार्बोरेटर उघडायला बसल्यात दोघं. तुझं इडलीपात्र घेऊनच गेल्यात."